बोटीवर काय घालायचं आणि एकमेकांना कसं गाठायचं: परभणीच्या टेलरचे दोन शब्द

माझं परभणीत शिलाईचं दुकान आहे. जेंट्स स्पेशल, कोट, सफारी, जोधपुरी. आजोबांपासून चालत आलेलं. आजोबांचा हात शेरवानीवर बसलेला; निजामाच्या राज्यात कचेरीत जायचं तर शेरवानी लागायची. १९४८ नंतर शेरवानी मागं पडली, बुशकोट आला, मग सफारी आली, आणि आता लोक रेडिमेड घेऊन नुसती बाही आखूड करायला माझ्याकडं येतात.

त्यात हल्ली एक नवीनच गिऱ्हाईक यायला लागलंय. पोरगं पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला असतं, आईवडिलांना क्रूझला, म्हणजे मोठ्या बोटीच्या सहलीला नेणार असतं. वडील दुकानात येऊन म्हणतात, “भाऊ, तेवढा टक्सिडो शिवून द्या, बोटीवर लागतो म्हणे.” टक्सिडो म्हणजे बो टाय लावून घालायचा काळा इंग्रजी सूट. मी त्यांना बसवतो, चहा सांगतो आणि टक्सिडो शिवत नाही. हातचं काम का सोडतो ते सांगतो.

आम्ही नऊ जण जाऊन आलो. मी आणि आमची मंडळी, मोठे भाऊ अण्णा आणि वहिनी, साडू आणि मेव्हणी, मुलगा, सून आणि सात वर्षांची नात. सिंगापूरहून निघून मलेशियातलं पेनांग, थायलंडमधलं फुकेत आणि परत सिंगापूर. चार रात्री, चार खोल्या. बोटीवर खोलीला केबिन म्हणतात. अण्णा पाथरी तालुक्यात शेती करतात, चौऱ्याहत्तर वय, आयुष्यात पँट घातलेली नाही. मुलानं ड्रेस कोड वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, “कामून? धोतराला काय झालं? मी नाही येत, तुम्हीच जा.” सगळी चर्चा तिथून सुरू झाली.

कंपनीच्या वेबसाइटवर आणि ॲपवर चार शब्द दिसतील. कॅज्युअल म्हणजे दिवसभर हिंडायचं ते, कसंही. स्मार्ट कॅज्युअल म्हणजे साखरपुड्याला जाताना जे घालता ते: फुल पँट, कॉलरचा शर्ट, पायात बूट. फॉर्मल म्हणजे लग्नात वरबाप घालतो ते. चौथी थीमची रात्र, म्हणजे सगळ्यांनी पांढरं घालायचं असलं काहीतरी. ती हौसेची, नाही पाळली तरी कोणी विचारत नाही. तीन-चार रात्रींच्या फेरीत फॉर्मल रात्र साधारण एकच असते, सात रात्रींच्या फेरीत बहुतेक दोन. कोणत्या दिवशी काय, हे रोजच्या कार्यक्रमाच्या कागदावर किंवा ॲपवर छापून येतं. कंपनीप्रमाणं फरक पडतो. नॉर्वेजियनच्या बोटींवर फॉर्मलची सक्ती नसते, तर क्युनार्डच्या बोटींवर गाला संध्याकाळ चांगली थाटाची असते. पण त्या थाटाच्या क्युनार्डवरही टक्सिडो किंवा गडद सूट याच्या जोडीला आपल्या देशाचा औपचारिक पोशाख चालतो. आपला बंदगळा काय आहे मग? तरी खात्रीसाठी तुमच्या कंपनीला ईमेल करून विचारा आणि उत्तर फोनमध्ये ठेवा. मुलानं तेच केलं. “नॅशनल ड्रेस चालेल” असं लेखी आलं, मग अण्णा तयार झाले.

आता गंमत ऐका. पहिल्याच संध्याकाळी दारात अडवलं ते साडूला. आमचा साडू शिकलेला, निवृत्त अधिकारी. थ्री-क्वार्टर आणि रबरी चप्पल घालून मोठ्या डायनिंग हॉलच्या दाराशी गेला. दारातला माणूस हसून काहीतरी म्हणाला. साडूला वाटलं खोलीचा नंबर विचारतोय, त्यानं नंबर सांगितला. तो पुन्हा हसला. साडूनं पुन्हा नंबर सांगितला, जरा जोरात. तिसऱ्या वेळी त्या माणसानं अदबीनं त्याच्या पायाकडं हात केला. साडू वरच्या मजल्यावर बुफेला जाऊन जेवला. हे लक्षात ठेवा: ड्रेस कोड मोठ्या हॉलला आणि पैसे भरून जेवायच्या हॉटेलांना असतो, बुफेला बहुतेक बोटींवर कोणी बघत नाही. ज्याला नटायचंच नाही त्यानं खुशाल बुफेला जावं, उपाशी राहत नाही.

आणि दुसऱ्या रात्री, फॉर्मलच्या, त्याच दारातून अण्णा गेले. पांढरंशुभ्र धोतर, वर मी शिवलेला काळा बंद गळ्याचा कोट, डोक्याला फेटा, पायात पंपशू. त्या माणसानं त्यांना आधी हात जोडले आणि मग दार उघडलं. पुढं अर्धा तास लोक फोटो काढायला येत होते. एका गोऱ्या बाईनं विचारलं, कुठून आलात? अण्णांना तेवढं समजलं. “जगात जर्मनी, भारतात परभणी,” ते म्हणाले. बाईला जर्मनी एवढंच कळलं असणार.

तर शिवायचं काय? गडद निळा किंवा काळा बंदगळा, एकच, टेरीवूलमध्ये. नुसता टेरीकॉट घेऊ नका, दिव्याखाली चमकतो. प्युअर लिननही नको, बसलं की चुरगळतं आणि उठल्यावर तसंच राहतं. टेरीवूलची घडी रात्रभर टांगली की आपोआप जाते. सूटचा पीस सव्वातीन मीटरचा येतो, त्यात कोट-पँट दोन्ही निघतं. टायचा प्रश्नच नाही. टेलरला दोन गोष्टी सांगा. एक, लगनसराईत कापड देऊ नका, निघायच्या महिनाभर आधी द्या आणि ट्रायल घ्याच. दोन, कोटाला पाठीत आणि पँटला कंबरेत दीड इंच माया, म्हणजे शिलाईच्या आत जादा कापड, सोडायला लावा. बोटीवर रात्री अकरालाही पिझ्झा मिळतो. टक्सिडो का नको, तर तो परत आल्यावर परभणीत कुठं घालणार? वरातीत घातला तर लोक विचारतील, “मास्तर, पुढचं गाणं कोणतं?” बंदगळा पुढची दहा वर्षं भाचीच्या, पुतणीच्या लग्नात चालतो.

बायकांचं सोपं आहे. रेशमी साडी म्हणजे जगात कुठंही फॉर्मल. आमच्या मंडळींनी पैठणी नेली होती, मलमलच्या कापडात गुंडाळून, सगळ्यात वर. फक्त डेकवरचा वारा हा प्रकार घरी बसून कळत नाही. पदर आडवा होतो. पिना दुप्पट न्या. बाहेरच्या दारांना उंच उंबरे असतात आणि किनाऱ्याला उतरायचा पूल कधी तिरका असतो, त्यामुळं मला विचाराल तर सहावारीपेक्षा काष्ट्याची नऊवारी बरी. वहिनी तशाच भराभर उतरल्या, मेव्हणी निऱ्या धरून मागं. आत एसी एवढा की शाल लागतेच, नाटकाच्या हॉलमध्ये तर लागतेच लागते. पोहायच्या हौदात साडी किंवा सुती ड्रेस घालून उतरू देत नाहीत. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा ड्रेस मिळतो, तो घरूनच घ्या. आणि ओल्या कपड्यांनी जेवायच्या हॉलमधून जायचं नाही, हे नातीला पाच वेळा सांगावं लागलं.

इस्त्रीचं सांगतो, त्यात माझीच फजिती झाली. मी टेलर, छोटी इस्त्री घेतल्याशिवाय घर सोडेन का? सामान तपासताना मशीनमध्ये दिसली, बाजूला काढली, हातात पावती दिली. आगीच्या भीतीनं इस्त्री, वाफेचं मशीन, किटली बोटीवर नेता येत नाही, एक्स्टेंशन बोर्डही बऱ्याच कंपन्यांनी बंद केलेत. उतरताना परत मिळाली. साडू चार दिवस म्हणत होता, “टेलरची इस्त्री जप्त!” काही बोटींवर प्रवाशांसाठी इस्त्रीची खोली असते, काहींवर पैसे देऊन प्रेस करून मिळतं, पण एका कोटाला जे लावतात त्यात इथं मी आठ कोट प्रेस करीन.

म्हणून घडी नीट घालायला शिका. कोट पाठीकडून दोन्ही खांद्यांत हात घालून धरा. उजवा खांदा उलटा करा, म्हणजे त्याचं अस्तर बाहेर येईल. आता डावा खांदा न उलटवता त्या उजव्याच्या पोकळीत बसवा. दोन्ही बाह्या आत जातात आणि अख्ख्या कोटाचं फक्त अस्तर बाहेर दिसतं. मधे टॉवेलची सैल गुंडाळी ठेवा आणि त्यावर कोट एकदाच दुमडा. कॉलर मोडत नाही, छातीचा कॅनव्हास मोडत नाही. पोचल्याबरोबर बॅगेतून काढून टांगा. तरी सुरकुती राहिली तर बाथरूमच्या दाराला टांगून गरम पाणी सोडतात, वाफेनं कोट सुटतो. पण २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं ज्यानं पाहिलंय, त्याला नुसत्या वाफेसाठी नळ सोडायचं जिवावर येतं. मी आंघोळ करतानाच कोट टांगला. बोटीवर समुद्राच्याच पाण्याचं गोडं पाणी करतात, हे नंतर कळलं. पैठणीला मात्र वाफ देऊ नका, जर आणि रेशीम दोन्हीवर थेंबाचे डाग पडतात.

टांगायला जागा कमी पडते. त्यावर एक युक्ती: केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी असतात. हार्डवेअरच्या दुकानातून हुकाचे चुंबक दहा-बारा न्या. मी नेले होते ते कपड्यांसाठी, खरे उपयोगाला आले दुसऱ्याच कामाला.

ते काम म्हणजे एकमेकांना गाठणं. कपड्याचं चुकलं तर बुफे आहे, याचं चुकलं तर माणूस रडकुंडीला येतो. हजारो लोक, वर-खाली पंधरा मजले, आणि सगळी दारं एकसारखी. पहिल्या दिवशी मी म्हणालो, “पाचव्या मजल्यावर लिफ्टपाशी या.” लिफ्टचे दोन चौक होते, एक पुढं, एक मागं. आम्ही मागं, बायका पुढं. चाळीस मिनिटं. मोबाइल कुणाचाच लागेना. शेवटी मंडळी आल्या ते बोलत बोलतच आल्या, मी काही ते इथं लिहीत नाही. त्या रात्री नियम ठरला: जागा सांगताना मजला, पुढचा का मागचा चौक, आणि वेळ, तिन्ही सांगायचं. पुढं म्हणजे फॉरवर्ड, मागं म्हणजे आफ्ट. बोटीच्या नाकाकडं तोंड केलं की डावी बाजू पोर्ट, उजवी स्टारबोर्ड. काही बोटींवर गालिच्यावर मासे काढलेले असतात आणि त्यांची तोंडं पुढच्या दिशेला असतात. तुमच्या बोटीवर तसं आहे का, पहिल्या दिवशी बघून घ्या. हरवलंच कोणी, तर खाली चौकशीच्या काउंटरपाशी जाऊन उभं राहायचं, तिथून हलायचं नाही. औंढ्याच्या जत्रेत आम्हाला लहानपणी सांगायचे ना, हरवलात तर देवळाच्या पायरीला बसा, तसंच.

फोनचं नीट समजून घ्या. बोट किनाऱ्यापासून लांब गेली की बोटीचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क चालू होतं, ते उपग्रहावरून जातं आणि महाग असतं. आपण घेतलेला सिंगापूर-मलेशियाचा रोमिंग पॅक जमिनीवरचा. समुद्रातलं त्यात सहसा धरत नाहीत. म्हणून बोटीवर पाय ठेवला की एअरप्लेन मोड, आणि मग वायफाय तेवढं चालू. आमच्या मुलानं आठ जणांचे फोन स्वतःच्या हातानं तसे केले, आणि स्वतःचा विसरला. आलेल्या बिलात दोन जोधपुरींची शिलाई निघाली असती. त्याच्या खिशातून गेले म्हणून मी गप्प बसलो.

कंपनीचं ॲप मात्र घरीच डाउनलोड करा. इंटरनेटचे पैसे न भरताही ते बोटीच्या वायफायवर चालतं, त्यात रोजचा कार्यक्रम, जेवणाची वेळ, त्या रात्रीचा ड्रेस कोड सगळं असतं. आपसात मेसेज करायची सोयही असते, काही बोटींवर फुकट, काहींवर थोडे पैसे घेऊन. पूर्ण इंटरनेट हवं असेल तर पॅकेज निघायच्या आधी घेतलं की सहसा स्वस्त पडतं. नऊ जणांनी नऊ पॅकेजं घेऊ नका. एकाच्या फोनवरून लॉगआउट करून दुसऱ्याच्या फोनवर लॉगिन करता येतं का ते विचारा. आम्ही एकावर भागवलं, पाळीपाळीनं. वेग आता बरा झालाय. पूर्वीचे उपग्रह साधारण छत्तीस हजार किलोमीटर वर, बोललेलं पोचायलाच वेळ. आता स्टारलिंकचे पाचशे-साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास असतात. रॉयल कॅरिबियननं २०२२ मध्ये सगळ्या बोटींवर ते बसवायचं जाहीर केलं, मग बाकीचेही लागले. गावाकडं व्हिडिओ कॉल लागला तेव्हा अण्णांनी आधी विहिरीची मोटार चालू आहे का विचारलं, मग समुद्र दाखवला.

एक अडचण कोणी सांगत नाही: बँकेचा ओटीपी एसएमएसनं येतो आणि एअरप्लेन मोडमध्ये एसएमएस येत नाही. पैशाचं जे काय असेल ते किनाऱ्यावर उरकून घ्या.

अण्णांना ॲप येत नाही, आणि खोलीचा नंबर इंग्रजी आकड्यात. इथं माझं दुकान कामाला आलं. ब्लाऊजपीसच्या काठांची कातरण माझ्याकडं पिशवीभर पडलेली असते. मंडळींनी हुकाच्या चुंबकांना रिबीन म्हणून बांधायला चार रंगाचे तुकडे आणले होते. प्रत्येक दारावर एक चुंबक, त्याला एक काठ: अण्णांचा हिरवा, आमचा लाल, साडूचा जांभळा, मुलाचा पिवळा. वीतभर रुंद हिरवा काठ, त्यावर जरीचे दोन मोर. त्या लांबलचक बोळात पन्नास पांढऱ्या दारांत तो लांबूनच दिसायचा. अण्णा म्हणायचे, “मोराच्या घरी चाललो.” चुंबकाखाली आम्ही चिठ्ठी ठेवायला लागलो, मराठीत: “जेवायला मजला ४, मागचा चौक, साडेसात. आज कोट.” ॲप, चॅट सगळं होतं, पण चार दिवस खरी बातमी या चिठ्ठ्यांवर चालली. चिकटपट्टी लावू नका, रंग निघतो. आणि चिठ्ठीत “आम्ही सगळे बाहेर आहोत” असं लिहू नका.

अण्णांच्या सदऱ्याच्या आत मी एक पट्टीही शिवली, कॉलरला लेबल असतं तशी: बोटीचं नाव आणि खोलीचा नंबर, इंग्रजीत, कोणालाही दाखवता यावा म्हणून. खोलीचं कार्ड मात्र दुसऱ्या खिशात. दोन्ही एका जागी सापडले तर कोणीही दार उघडेल. आणि खोलीत फोन असतो, बोटीतल्या बोटीत तो फुकट, म्हाताऱ्या माणसांना पहिल्या दिवशीच एकदा लावून दाखवा.

घड्याळाचं जपा. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढं, पेनांगही तेवढंच, पण फुकेत सिंगापूरच्या एक तास मागं. तिथं उतरलं की मोबाइल आपोआप एक तास मागं जातो. बोटीनं स्वतःचं घड्याळ बदललं नसेल तर तुम्हाला वाटतं अजून तासभर आहे, आणि बोट कोणासाठी थांबत नाही. उतरताना दाराशी परत यायची वेळ लिहिलेली असते, ती बोटीची वेळ. आम्ही अण्णांच्या हातातलं एचएमटी बोटीच्या वेळेला लावलं आणि नऊ जणांनी तेच पाहिलं. मोबाइल नाही म्हणजे नाही.

निघायच्या आधी संकटाच्या वेळचा सराव असतो, तो चुकवू नका. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा आवाज आला की आपल्या ठरलेल्या जागी जायचं. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया बुडाली, ३२ माणसं गेली. तिच्यावर काही प्रवाशांचा सराव व्हायचाच होता. त्यानंतर बोट सुटण्याआधी किंवा सुटताच सराव घ्यायचा नियम झाला. हल्ली व्हिडिओ फोनवर बघतात आणि जागेवर जाऊन हजेरी देतात. घोषणा इंग्रजीत असतात, म्हणून म्हाताऱ्यांना ती जागा पायानं चालून दाखवा, बोलून नाही.

जेवणाचं एवढंच: व्हेज म्हटलं तरी अंडं चालतं असं बोटीवरच्या स्वयंपाक्यांना वाटतं. “नो एग” वेगळं सांगा, आणि उद्याचं आज रात्रीच हेड वेटरला सांगून ठेवा.

आणि हा कपड्याचा विषय नाही, पण खिशाचा आहे: सिंगापूरला खायची तंबाखू न्यायला बंदी आहे. अण्णांच्या कोटाच्या चोरखिशातून तंबाखू-चुन्याची डबी मीच काढली, विमानतळावर. तसंच कोणाचा मुलगा अमेरिकेहून कॅरिबियनच्या बोटीवर नेणार असेल, तर मिलिटरी छापाची पँट घरी ठेवा. बार्बाडोस, जमैकात साध्या माणसानं ती घालायला बंदी आहे.

शेवटची रात्र राहिली. बॅगा आदल्या रात्री दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या थेट खाली किनाऱ्यावर मिळतात. सकाळचे कपडे आणि गोळ्या-औषधं बाहेर काढून मगच कुलूप लावा. मी चिठ्ठीत लिहून चार दारांना लावलं होतं, “उद्याची पँट बाहेर ठेवा.” साडूनं वाचलं, मान हलवली आणि सगळं भरून बॅग बाहेर ठेवली. कोट तेवढा टांगलेला राहिला. सकाळी सिंगापूरच्या टर्मिनलवर पासपोर्टच्या रांगेत आमचा साडू उभा: खाली झोपायची चट्ट्यापट्ट्याची चड्डी, वर गडद निळा बंदगळा, पाचही बटणं लावलेली. खिडकीतल्या बाईनं पासपोर्ट पाहिला, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पासपोर्ट परत दिला. मी मागं उभा राहून बघत होतो. खांदा असा बसला होता, एक सुरकुती नाही.